भिंतीपलीकडचा गोल

पुन्हा ते दिवस आलेत. पानपट्टीवर ब्राझीलचा पिवळा-हिरवा झेंडा लागलाय, त्याला खेटून अर्जेंटिनाचा, आणि ज्या टपरीवर गेल्या महिन्यापर्यंत क्रिकेटशिवाय दुसरा विषय नव्हता तिथे आता मोरोक्कोच्या बचावफळीवर तावातावाने बोललं जातंय. यंदाचा विश्वचषक पार पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे. तिकडे संध्याकाळ झाली की आमच्याकडे उजाडतं. धारा काढायला उठलेली माणसं एका हातात चरवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन गोठ्याकडे जाताना दिसतात. म्हशी बिचाऱ्या काही म्हणत नाहीत.

मला मात्र या दिवसांत चैन पडत नाही. चहा ठेवते आणि उतू घालवते. दार उघडते, उगाच अंगणात जाते, परत येते. शाळेत फळ्यावर गणित अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघत उभी राहते आणि पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात. लोकांना वाटतं मॅडमना फुटबॉलचं वेड आहे. वेड आहेच, नाही असं नाही. मी मिरजेची. वडील रेल्वेत होते आणि रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून मैदानावर न्यायचे. पण ही घालमेल स्कोअरची नव्हे. माझे कान एका भिंतीकडे लागलेले असतात. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या धाकट्या भावाला एकदा हाक मारावी, एवढंच मला हवंय.

ही भिंत आमच्या सोप्यातच, म्हणजे पुढच्या ओसरीतच आहे. घर एक होतं तेव्हा सोपा लांबलचक होता, त्यात लग्नाच्या पंगती बसायच्या म्हणे. वाटणी झाली आणि बरोबर मध्यावर विटांची भिंत उठली. वर स्लॅबपर्यंत ती पोचलीच नाही, हातभर फट राहिली. भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा नाही. आबांचं म्हणणं, भिंत त्यानं घातली, गिलावा त्यानं करावा. तात्यांचं म्हणणं, भिंत घालायची वेळ त्यांनी आणली, गिलावा त्यांनी करावा. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. तर अशी ती उघड्या विटांची भिंत, तिच्यावर दोन्हीकडून एकेक कॅलेंडर.

आबा पलटणीत होते. हवालदार होऊन परतले. पलटणीच्या टीममध्ये फुटबॉल खेळायचे, डाव्या बगलेवरून. तात्या घरी राहिले, शेती बघितली. ओढ्याकाठचं रान म्हणजे नुसता मुरूम होता. तळ्यातला गाळ ओढून, बांध घालून, उन्हाळ्यामागून उन्हाळे घालवून तात्यांनी ते ऊस येण्याजोगं केलं. आबा पेन्शनवर आले, वाटणी निघाली, आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. भावकीतल्या एका लहान पोरीनं चिठ्ठी उचलली. ओढ्याकाठचं रान आबांच्या नावावर आलं. तात्यांनी तेवढं एकच मागितलं, म्हणाले, दादा, ते रान मला द्या, वरचं तुमी घ्या. आबा फौजी माणूस. म्हणाले, "चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी. देवापुढं टाकलीया."

त्या दिवसापासून अबोला. आमच्या भागात अबोला म्हणजे तोंड फिरवणं नव्हे. अबोल्यातही बोलणं चालूच असतं, फक्त ते तिसऱ्या माणसाला सांगायचं असतं. दोघे समोरासमोर उभे असले तरी. आमच्या घरात तो तिसरा माणूस म्हणजे मी. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा यायचा. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. काकी, म्हणजे तात्यांची बायको, त्या या भानगडीत पडायच्या नाहीत. त्यामुळे "सूनबाई, त्येला सांग" आणि "सूनबाई, त्यास्नी सांग" या दोन वाक्यांच्या मध्ये माझा संसार चालला. मी सांगण्याआधीच पलीकडच्याला ऐकू गेलेलं असायचं. तरी मी सांगेपर्यंत तो उत्तर द्यायचा नाही. कधी कधी मुद्दाम गप्प बसायची. मग दोघेही माझ्याकडे बघत ताटकळायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

आणि मग तो हिवाळा आला, ज्या हिवाळ्यात विश्वचषक झाला.

हिवाळ्यात विश्वचषक म्हणजे आमच्याकडे उसाच्या गळिताचा हंगाम. फडातून निघालेल्या ट्रॉल्या रस्त्यावर एकामागे एक. हवेला मळीचा आंबूस वास, अंगणात गुरांसाठी आणलेल्या उसाच्या वाढ्यांचे भारे, संध्याकाळी जळणाऱ्या पाचटाचा धूर. आणि त्या वर्षी ट्रॉलीच्या शेंड्यावर झेंडे. उसाच्या ढिगावर खोचलेला अर्जेंटिनाचा झेंडा कारखान्याच्या दिशेने हेलकावत जाताना मी किती वेळा पाहिला. त्या देशाच्या माणसाला दाखवला असता तर तो चक्रावला असता.

वाद सुरू व्हायचा सकाळी दूध डेअरीवर. डेअरीचे सेक्रेटरी जर्मनीवाले. कारण त्यांचा भाचा तिकडे कामाला होता. दुधाचं फॅट लावता लावता ते जर्मनीचं भवितव्य सांगायचे.

"जर्मनी म्हंजे मशीन हाय मशीन. कपावर नुसतं नाव कोरायचं बाकी हाय."

"मशीन जपानपुढं बंद पडली की वं," तात्या कॅन पुढे सरकवत म्हणायचे. "कुणाला बोलावलासा दुरुस्तीला?"

लोक हसायचे. आबा आपला कॅन घेऊन तात्यांच्या मागेच रांगेत असायचे, आणि मी आबांच्या मागे, कारण माझी एसटी तिथूनच सुटायची. आबा माझ्याकडे मान वळवून म्हणायचे, "सूनबाई, त्येला सांग, दुसऱ्याच्या मशिनीला हसू नको. सौदीसमोर तुझा गडी वाळूत रुतला, त्यो आधी काढ म्हणावं."

अर्जेंटिना सौदीकडून हरली होती ती दुपार मला अजून आठवते. तात्या फडात होते. उसाच्या मोळीला मोबाइल टेकवून तोडकऱ्यांच्या घोळक्यात मॅच बघत होते. संध्याकाळी घरी आले ते पाय न धुताच खाटेवर पडले. काकींनी विचारलं, उसाला काय झालं का? तात्या म्हणाले, "उसाला काय व्हतंय." आणि भिंतीच्या अलीकडे आबा टीव्हीखालची पट्टी मोठ्यानं वाचत होते. फुटबॉलची बातमी, तीच ती, तीनदा.

कुणी विचारेल, सांगली जिल्ह्यातल्या दोन म्हाताऱ्यांना ब्राझील-अर्जेंटिनाचं काय? काकी मला सांगायच्या, पूर्वी दोघेही ब्राझीलचेच होते. आबा सुट्टीवर यायचे तेव्हा पलटणीतला जुना चेंडू पेटीत घालून आणायचे. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात दोघे भाऊ अनवाणी खेळायचे, बुडख्यांनी पायाला भोकं पडायची, आणि आबा तात्यांना पाय कसा तिरका धरायचा ते शिकवायचे. मग वाटणी झाली. विहीर वाटली गेली, म्हशी वाटल्या गेल्या, आणि ब्राझील आबांच्या वाटणीला गेलं. तात्या दुसऱ्या दिवशी अर्जेंटिनाचे झाले.

त्या हिवाळ्यात जतकडचा बिराप्पा मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरला होता. दरवर्षी यायचा. रान मोकळं झालं की त्यात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, त्याला धान्य मिळतं. सकाळी डेअरीवर चहाला यायचा, घोंगडं खांद्यावर, आणि आमचा गोंधळ ऐकत बसायचा. पोर्तुगालचा म्हातारा होत चाललेला गडी चालेल की नाही, फ्रान्सला धाप लागेल की नाही, मोरोक्कोनं स्पेनला घरी पाठवलं ते नशीब की हिंमत. सगळं ऐकून एक दिवस बिराप्पानं विचारलं, "आपला देश कितव्या नंबराला हाय?"

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. कुणीतरी खोकलं.

"आपला न्हाई त्यात," तात्या म्हणाले.

"मग तुमी कुणासाटी भांडालाय?"

मी एसटीत बसल्यावरही त्या प्रश्नाभोवती फिरत राहिले. ज्या देशात आपण पाय ठेवणार नाही, ज्याची भाषा कळत नाही, ज्याच्या वाटणीत आपला तुकडा नाही, त्याच्यासाठी भांडणं किती सोपं असतं. हरलं तरी बांध सरकत नाही. जिंकलं तरी पाण्याची पाळी वाढत नाही. माणसाला भांडायला आणि जीव लावायला एक अशी जागा लागत असावी जिथे त्याचं काही जाणार नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं. पुढे कळलं की ते खरं नव्हतं.

आता त्या भिंतीची गंमत सांगायची राहिली. आबांकडे डिश होती. ती स्लॅबच्या आबांच्या अर्ध्यावर उभी. वाटणीत तात्यांची वायर तुटली ती तुटली. तात्यांनी नवी डिश घेतली नाही, हट्टानं मोबाइलवर मॅच बघायचे, तांब्याला टेकवून. आणि मोबाइल डिशच्या मागे धावायचा. चांगलं अर्धं मिनिट. म्हणजे ब्राझीलनं गोल केला की आधी आबांची आरोळी. पलटणीतली आरोळी ती, स्लॅबला धडकून फटीतून पलीकडे उतरायची. आणि पलीकडे तात्यांच्या मोबाइलवर चेंडू अजून मैदानाच्या मध्यात.

"सूनबाई," पलीकडून आवाज, "त्यास्नी सांग, जरा दम खावा. आमचा अजून थ्रोच चाललाय."

"सूनबाई, त्येला सांग, डिश घे म्हणावं."

मी मधे बसून मटार सोलायची. तात्यांना आपल्या पुढ्यातलं भविष्य आबांच्या घशातून कळायचं, आणि ते टाळण्याचा उपाय त्यांच्याकडे नव्हता. कानात बोळे घालून बघा, मी एकदा सुचवलं. तात्या म्हणाले, "नगं. वरडू दे त्यास्नी." ते इतकं हळू म्हणाले की आबांना ऐकू गेलं नाही. मी ते सांगितलंही नाही. तो निरोप नव्हता.

मग ब्राझील आणि क्रोएशियाची लढत आली. आता हे सांगूनच टाकते, मला चौकटीचे शर्ट आवडतात म्हणून मी मनातून क्रोएशियाची होते. सुनेला टीम नसते असं मीच सगळ्यांना सांगत फिरायची. जादा वेळात ब्राझीलनं गोल केला तेव्हा आबा खुर्चीवरून उठले, आरोळी ठोकली, डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं क्रोएशियानं तो फेडला. मग पेनल्ट्या. आबा उभेच. एकेक चेंडू जात होता आणि त्यांचा चेहरा उतरत होता. शेवटची पेनल्टी खांबाला लागली. मी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेले.

परत आले तेव्हा आबा टीव्हीकडे बघून म्हणत होते, "हा काय निकाल झाला? एवढं खेळायचं, एवढा घाम गाळायचा, आन् शेवटाला चिठ्ठ्या टाकल्यागत."

पलीकडे शांतता. अर्धं मिनिट. तात्यांच्या मोबाइलवरचा चेंडू खांबाला लागला असेल. मग तात्यांचा आवाज आला. त्यात हसू नव्हतं.

"सूनबाई, त्यास्नी सांग. चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी."

मी ते सांगितलं नाही. आबांनी टीव्ही बंद केला, सोप्यातला दिवा मालवला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांनी तो निरोप ऐकला होता हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

नंतरचे दिवस वाईट गेले. आबा डेअरीवर येईनात. उपांत्य फेरीचे सामने झाले, टीव्ही बंदच. सोप्यात मळीचा वास आणि गप्प बसलेला माणूस. पलीकडे मोबाइल चालू असायचा पण तात्यांचा आवाज नाही, त्यांची अर्जेंटिना अंतिम सामन्यात गेली तरी नाही. मला ती शांतता सहन होईना. भांडण बरं, असं वाटायला लागलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, बरं झालं, आबांचं बीपी तरी ताब्यात राहील. मी फोन ठेवून दिला.

अंतिम सामन्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर आबांनी आपणहून टीव्ही लावला. आवाज मात्र पूर्ण बंद केला. मला वाटलं, ब्राझील नाही म्हणून. अर्जेंटिनानं पहिला गोल केला. आबांनी खांद्यावरचा टॉवेल उचलला, त्याचं टोक दातांत धरलं आणि भिंतीकडे बघत राहिले. मला आधी कळेना. मग पलीकडून तात्यांची आरोळी आली, ताजी, आपली आपण पाहिलेली. आबांनी टॉवेल सोडला. दुसरा गोल, तसंच. मग फ्रान्सनं लागोपाठ दोन फेडले तेव्हाही ते तसेच बसले, येणारं दुःख त्यांना आधी ठाऊक आणि पलीकडे तात्या अजून "वेळ काढा रं, वेळ काढा" म्हणून मोबाइलला बजावत होते. असा सगळा सामना. एकही आवाज नाही. आयुष्यभर आरोळ्या ठोकलेला माणूस धाकट्या भावाचे गोल त्याचे त्याला बघता यावेत म्हणून टॉवेल चावत होता. मी मटार केव्हाच बाजूला ठेवले होते.

पुन्हा पेनल्ट्या. अर्जेंटिना जिंकली. आबा अर्धं मिनिट थांबले. पलीकडे तात्या ओरडले, रडले, काकींना हाका मारल्या. ते निवल्यावर आबा भिंतीजवळ गेले.

"सूनबाई, त्येला सांग, चिठ्ठी बदलता येती. वढ्याकाठचा ऊस तुटला की बघू म्हणावं."

मी सांगायला तोंड उघडलं. तात्यांचा आवाज आधीच आला.

"सूनबाई, त्यास्नी सांग, रान नगं. मला निरोप नगं. थोरल्यानं हाक मारायची असती. एक हाक मारा म्हणावं, मी येतो."

आबा भिंतीला हात लावून उभे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलले. मग म्हणाले, "धाकट्यानं यायचं असतं." आणि झोपायला गेले. त्या क्षणी मला त्या दोघांचीही डोकी त्या उघड्या विटांवर आपटावीशी वाटली. एवढं जवळ आलं होतं.

माणसं मोठ्या गोष्टी देऊ करतात. रान देतील, पाणी देतील. एक हाक देताना त्यांचं काय जातं, मला अजून उमगलेलं नाही. बहुतेक सगळंच जात असावं.

ऊस तुटला, खोडवा फुटला, पुढचा हंगामही गेला. सगळे म्हणायचे, करतील कधीतरी. आणि एका सकाळी आबा डेअरीच्या रांगेत खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगाचा झटका. तात्या त्यांच्या पुढेच होते. कॅन टाकला, दूध रस्त्यावर गेलं. जीप काढली, आबांना मागे घेतलं, त्यांचं डोकं स्वतःच्या मांडीवर. जीप सेक्रेटरी चालवत होते. मिरजेपर्यंत तात्या आबांच्या कपाळावरून हात फिरवत होते आणि मला म्हणत होते, "सूनबाई, त्यास्नी सांग, भ्या म्हणून घिऊ नका. त्यास्नी सांग, मी हाय." डोकं मांडीवर आणि निरोप माझ्याकडे. मी रडत रडत तो आबांना सांगितला.

आबा वाचले. उजवी बाजू लुळी राहिली आणि वाचा गेली. सगळं कळतं, डोळे सगळं बोलतात, तोंडातून आवाज म्हणून निघत नाही. शेती आता दोन्हीकडची तात्याच बघतात, ओढ्याकाठचं रानही. रोज संध्याकाळी अलीकडे येतात, आबांच्या खाटेपाशी बसतात, आणि माझ्याकडे बघून सांगतात, "त्यास्नी सांग, उसाची भरणी झाली." मी एकदा चिडले. म्हटलं, तात्या, आता तरी तुम्हीच बोला की त्यांच्याशी. ते समोर आहेत, त्यांना ऐकू येतंय.

तात्यांनी आबांची चादर नीट केली. "त्यांनी हाक मारली न्हाई अजून," म्हणाले. मग उठताना म्हणाले, "मी आपनहून बोललो तर त्यांची हाक ऱ्हाऊनच जाईल गं. मग ते कशापायी जोर लावतील?"

पूर्वी दोघांना बोलता येत होतं तेव्हा बोलले नाहीत. आता एकाला येत नाही आणि दुसरा त्याच्यासाठी थांबून राहिलाय. मी मधे.

सांगलीला बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे आबांना आठवड्याला नेते. त्यांनी विचारलं, पूर्वी ते मोठ्यानं कशावर बोलायचे? मी म्हटलं, बोलायचे नाहीत, ओरडायचे. मॅचवर. बाई म्हणाल्या, मग तेच दाखवा. आधी आवाज येईल, शब्द मागून. म्हणून हा हंगाम आला तशी मी पहाटे उठतेय, आबांना उशा लावून बसवतेय, डिश लावतेय. म्हणून माझा चहा उतू जातोय. आतापर्यंतचे सामने तसेच गेले, आबा बघतात, डोळे चमकतात, जबडा हलतो, आवाज नाही. डेअरीवर सेक्रेटरी अजून जर्मनीचं गणित मांडतात, आणि मला बघितल्यावर विषय थांबवून विचारतात, आबा काय म्हणतायत? मी मान हलवते.

तात्यांच्या शहरात नोकरीला असलेल्या मुलानं त्यांना या विश्वचषकासाठी मोठा टीव्ही आणि डिश आणून दिलीय. खोकं तसंच बांधलेलं आहे, काकींनी त्यावर गोधड्या रचल्यात. मी तात्यांना विचारलं, लावत का नाही? तेव्हा ते भिंतीवरच्या फटीकडे बघत म्हणाले, "डिशवर दोघास्नी एकदमच दिसंल. मग त्यास्नी आधी वरडता कसं यील?"

आज सकाळी ब्राझीलचा सामना होता. आभाळ भरलेलं, अंगणात कोंबड्या, पलीकडे काकींच्या भांड्यांचा आवाज. समोर छोटासा देश होता, त्यामुळे डेअरीवर कुणी त्यावर वाद घातला नव्हता. मी आबांच्या मानेखाली उशी सारली. भिंतीपलीकडे तांब्या ठेवल्याचा आवाज आला, म्हणजे तात्या बसले. ब्राझीलचा गडी डाव्या बगलेवरून निघाला. आबांचा डावा हात चादरीवर मुठीत आला. चेंडू आत आला, आणि गोल झाला.

आबांच्या घशात काहीतरी हललं. मान ताठ झाली, तोंड वाकडं उघडलं, आणि आवाज आला. तो शब्द नव्हता. गोल नव्हता, नाव नव्हतं. लांब, चिरका, ओला, कुठून तरी खालून ओढून काढलेला आवाज होता, आणि तो स्लॅबला जाऊन धडकला. आबा टीव्हीकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते.

पलीकडची भांडी थांबली. माझे हात उशीवरच राहिले. निरोप कोणता सांगू, मला कळेना. पण सांगायची वेळच आली नाही.

"आलो, दादा."

त्यांच्या दाराची कडी वाजली, अंगणात अनवाणी पावलं वाजली, आणि आमच्या दारात तात्या उभे राहिले. ते सरळ खाटेपाशी गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. आबांची मूठ दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आलो की. हाक ऐकली, आलो."

भिंतीपलीकडे, रिकाम्या खाटेसमोर, तांब्याला टेकलेल्या मोबाइलवर तेव्हा कुठे गोल झाला.